बर्फातल्या सरायीत रिट्रीटला जाताना: ठाण्यातल्या धर्मगुरूंसाठी क्रमवार तयारी

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंचा एक छोटा गट जानेवारीत हिमाचलला नेतो. सिमल्याच्या पुढे नारकंड्याच्या बाजूला, सफरचंदांच्या बागेत एक जुनी सराय आहे. तिथे आठ दिवसांची मौन रिट्रीट, म्हणजे एकांतातली प्रार्थना, असते. दर वेळी नवीन माणसं येतात आणि चुका मात्र त्याच होतात. सगळ्यात मोठी चूक क्रमाची. जाण्याचं ठरलं की प्रत्येक जण आधी बॅग भरायला घेतो. खरं तर बॅगेचा नंबर पाचवा लागतो. आधी तारीख, मग मागे राहणारी माणसं, मग आपलं शरीर, मग राहण्याची जागा आणि त्यानंतर बॅग. हा क्रम मोडला की आठ दिवस मन डोंगरात टिकत नाही, ठाण्यातच घुटमळत राहतं.

१. तारीख: लग्नांची वही उघडून ठरवा

नाताळ आणि उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा) यांच्यामधला काळ आपल्याकडे लग्नांचा. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, म्हणून सगळी याच आठवड्यांत दाटीवाटीने लागतात. बर्फही नेमका तेव्हाच. त्यामुळे कॅलेंडरच्या आधी लग्नांची वही पुढे घ्या. २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे, म्हणजे जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा लग्नांनी भरणार. २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या आल्या की सिमल्यात पर्यटकांची झुंबड उडते, तेही दिवस टाळा. ११ जानेवारीचा सोमवार ते २२ जानेवारीचा शुक्रवार हा पट्टा मला सोयीचा वाटतो, कारण त्यात एकच रविवार जातो.

दिवस असे मांडा. सोमवारी ठाण्याहून निघून सिमल्यात मुक्काम. मंगळवारी दुपारपर्यंत सराय. बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत आठ दिवस. गुरुवारी खाली उतरायचं, शुक्रवारी घर. शनिवार मोकळा ठेवायचा. बर्फाने रस्ता अडला तर हाच शनिवार उपयोगी पडतो. त्यात मिटिंग लावू नका, बाप्तिस्मा लावू नका, काहीच लावू नका.

तारीख ठरली की त्याच आठवड्यात आर्चबिशप हाऊसला लेखी कळवा. आपल्या धर्मग्रामाबाहेर (पॅरिशबाहेर) आठवड्यापेक्षा जास्त राहायचं असेल तर कळवणं चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ५३३ नुसार बंधनकारक आहे. वर्षातून एकदा केलेल्या रिट्रीटचे दिवस सुट्टीच्या महिन्यात धरले जात नाहीत, हेही त्याच कॅननमध्ये आहे. हे माहीत नसल्यामुळे काही जण "सुट्टी संपेल" म्हणून रिट्रीट चार दिवसांवर आणतात. चार दिवसांत प्रवासाचा शीणसुद्धा जात नाही.

२. मागे राहणाऱ्यांची सोय: सहा आठवडे आधी

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

बदली धर्मगुरू मिळाला म्हणजे काम झालं असं समजलं जातं. तो मिळाल्यावर खरं काम सुरू होतं. रविवारच्या मिस्सा (चर्चमधल्या उपासना) कोण घेणार हे सगळे ठरवतात. पण पुढच्या गोष्टी राहून जातात.

लग्नाचा अधिकार. तुमच्या गैरहजेरीत धर्मग्रामात लग्न असेल तर ते लावणाऱ्या धर्मगुरूला तुमच्याकडून किंवा बिशपांकडून तसा अधिकार मिळालेला असला पाहिजे. नुसतं फोनवर "तुम्ही बघून घ्या" म्हणून भागत नाही. तो अधिकार नसेल तर लग्नच वैध ठरत नाही. कॅनन ११०८ आणि ११११ पुन्हा एकदा वाचा. सहायक धर्मगुरूलाही हा अधिकार पदामुळे आपोआप मिळत नाही. वधूवरांची नावं, तारीख आणि धर्मगुरूचं नाव लिहून सही करा, एक प्रत लग्नाच्या फाइलमध्ये लावा आणि दुसरी त्यांच्या हातात द्या. प्रोटेस्टंट मंडळ्यांतले पाळक आमच्याबरोबर येतात, त्यांनी बदली पाळकाकडे १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावण्याचा अधिकार आहे ना, हे आधी पाहावं.

आजाऱ्यांची यादी. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी घरी कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) न्यावं लागणाऱ्या अकरा जणांची यादी करून ठेवली होती. नावं होती, फोन होते. माजिवड्याच्या एका आजींच्या नावापुढे मी फक्त "सी विंग, ७०४" असं लिहिलं होतं. सोसायटीचं नाव मला पाठ होतं, म्हणून कागदावर आलंच नाही. त्या गेल्या त्या रात्री बदली फादर तैलाभ्यंगाचं, म्हणजे आजाऱ्याला लावायचं पवित्र, तेल घेऊन तीन सोसायट्यांच्या गेटवर विचारत फिरले. आजींच्या मुलाचा फोन लागत नव्हता, तो हॉस्पिटलच्या तळघरात बिल भरत होता. फादर पोचले तेव्हा उशीर झाला होता. आजींच्या मुलाने मला कधी दोष दिला नाही. पण तेव्हापासून मी यादी वेगळ्या पद्धतीने करतो.

फुलस्केप कागद आडवा धरा. माणसाचं नाव, सोसायटीचं पूर्ण नाव, जवळची खूण, विंग, मजला, लिफ्ट रात्री चालू असते का, घरातल्या दोघांचे फोन, शेजारच्या एकाचा फोन, माणूस कोणत्या भाषेत बोलतो आणि ऐकू कितपत येतं. हा कागद बदली धर्मगुरूच्या हातात नुसता देऊ नका. एका संध्याकाळी त्यांना सोबत घेऊन निदान सर्वांत नाजूक तीन-चार घरी जा. दार उघडणाऱ्याने त्यांचा चेहरा एकदा पाहिलेला असावा.

मिस्सांच्या इंटेंशनची वही (कोणती मिस्सा कुणासाठी ते लिहिलेली), टॅबर्नेकलची (पवित्र प्रसादाच्या पेटीची) किल्ली, पवित्र तेलाच्या कुप्या कुठे आहेत, स्मशानभूमीच्या चौकीदाराचा नंबर, हे सगळं एकाच पाकिटात घाला.

*तपासणी: निघण्याच्या दहा दिवस आधी एक पूर्ण दिवस फोन बंद ठेवा आणि धर्मग्राम बदली फादरांवर सोपवा. संध्याकाळी त्यांनी जे प्रश्न विचारले, तेवढंच तुमच्या तयारीतून राहिलेलं असतं.*

३. शरीर: चार आठवडे आधी डॉक्टर

ठाणे समुद्रसपाटीला आहे, नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा साधारण पाव हिश्श्याने कमी असतो. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर काहींना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास होतो. तरुण आणि धडधाकट माणसालाही होतो, म्हणून "मला काही होत नाही" हे गृहीत धरू नका.

रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना उंची आणि थंडी दोन्ही सांगा. थंडीत रक्तदाब वाढतो, गोळीचं प्रमाण तेच ठेवायचं का हे विचारून घ्या. उंचीसाठीच्या गोळ्या दुसऱ्याचं पाहून घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी निकामीच, ते टाकून द्या. पेन खिडकीत किंवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका, आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. ग्लुकोमीटरही फार थंड झालं की चुकीचा आकडा दाखवतं किंवा चालतच नाही, तेही आतच ठेवा.

चालण्याची सवय आताच करा. उपवनपासून येऊरचा चढ आठवड्यातून तीनदा, ज्या बुटांत जाणार आहात त्याच बुटांत. बूट नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे घ्या, आत जाड लोकरी मोजा बसला पाहिजे. नवा बूट थेट बर्फात घातला की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि पुढचे सहा दिवस खोलीत.

४. जागा: बुक करण्याआधी विचारायचे प्रश्न

फोटोत सगळ्या सराया सुंदर दिसतात. मालकाला फोन करून पुढचं विचारा, आणि उत्तर "हो जी, सब है" एवढंच आलं तर पुन्हा विचारा.

रात्री नळाचं पाणी गोठतं का, आणि गोठलं तर सकाळी बादलीभर गरम पाणी कोण देतं? वीज गेली तर खोली कशाने गरम राहते? खोलीत लाकडाची शेगडी असेल तर तिला छपराबाहेर जाणारं धुराडं आहे का? तळमजल्यावर किती खोल्या आहेत? साठीच्या पुढच्यांना बर्फाळलेल्या जिन्यावरून रात्री बाथरूमला जायला लागू नये. जवळचा डॉक्टर किती अंतरावर, आणि बर्फ पडल्यावर तिथे जाणारी गाडी कोणाची? बारा जण एकत्र बसू शकतील अशी वेगळी खोली आहे का? आठ दिवस दुसरे पाहुणे येणार असतील तर मौन टिकत नाही, म्हणून शक्य असेल तर सगळी सराय घ्या.

जेवणाबद्दलही बोलून घ्या. त्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ-राजमा तासन्‌तास शिजत नाही. कुकर आहे ना एवढं विचारा. कच्चट राजमा आणि उंची हे दोन्ही एकदम पोटाला झेपत नाही.

५. बॅग

आता बॅग. सुती कपडे टाळा. सुती बनियन घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. अंगालगत लोकरी किंवा थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जाकीट. एकाच जाड कोटापेक्षा तीन पातळ थर चांगले, चालताना एक काढता येतो.

पांढरा झगा घेऊन जा, पण तो फक्त आत घाला. झग्याची किनार बर्फात भिजते, मग ती गोठून लाकडासारखी कडक होते आणि पायात अडकते. एका वर्षी याच कारणाने एक फादर पायरीवर पडले, मनगट दुखावलं.

मिस्साचं सामान गटाने एकत्र ठरवावं, प्रत्येकाने वेगळं नेऊ नये. द्राक्षारस इथून प्रवासात नेण्यापेक्षा तिथल्या धर्मप्रांताकडून घ्या, सिमल्यात सेंट मायकल कॅथेड्रल आहे, आधी पत्र पाठवून विचारा. द्राक्षारस उणे पाच-सहा अंशांच्या सुमारास गोठायला लागतो आणि पाण्याची काचेची कुपी त्याच्या कितीतरी आधी गोठून तडकते. दोन्ही रात्री स्वयंपाकघरात ठेवा, प्रार्थनेच्या खोलीत नको. होस्ट (मिस्सातली पातळ भाकर) घट्ट झाकणाच्या डब्यात न्या.

आणि सेलेब्रेट. अनोळखी ठिकाणी मिस्सा अर्पण करायची तर आपल्या वरिष्ठांनी दिलेलं, वर्षाच्या आतलं ओळखपत्र दाखवावं लागतं. कपाटातलं जुनं काढून तारीख बघा. दर वर्षी निदान एकाचं संपलेलं असतं.

बाकी: काळा चष्मा (ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण जवळजवळ ८० टक्के परत फेकतो, डोळे चुरचुरून बंद होतात), ओठांना लावायला व्हॅसलीन, रबरी गरम पाण्याची पिशवी, थर्मास, टॉर्च, ब्रेव्हिअरी (रोजच्या प्रार्थनांचं पुस्तक). पुस्तकं एक किंवा दोन. पाच नेणारा एकही वाचत नाही.

६. प्रवास

विमानाने चंदिगड, तिथून गाडीने सिमला. रेल्वेने जाणाऱ्यांनी कल्याणहून राजधानी धरून दिल्लीमार्गे जावं, पण मग दोन दिवस जास्त धरा. सिमला सुमारे २,२०० मीटरवर आहे, तिथली रात्र टाळू नका. "एका दमात पोचू" म्हणणाऱ्यांचीच पहिल्या रात्री डोकी दुखतात.

सिमल्याच्या पुढे चंदिगडची गाडी नको. मैदानातल्या ड्रायव्हरला बर्फाच्या रस्त्याचा सराव नसतो आणि चाकांना साखळ्याही नसतात. तिथली स्थानिक गाडी ठरवा. सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी चारनंतर चढू नका. त्या वेळी सावलीतल्या वळणांवर पाण्याची काच झालेली असते, डांबर ओलं दिसतं आणि चाक घसरतं.

हवामान खात्याचा इशारा निघण्याच्या तीन दिवस आधीपासून बघा. जोरदार पश्चिमी झंझावात येणार असेल आणि ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सिमल्यात एक दिवस थांबा. रिट्रीट एक दिवस उशिरा सुरू झाली तरी चालते.

७. पहिली रात्र: शेगडी

सरायीत पोचलात की संध्याकाळी मालकाचा मुलगा लाकडं घेऊन येतो. तिथे लोखंडी शेगडीला "तंदूर" म्हणतात. पत्र्याचा डबा, त्यातून वर जाणारी नळी, वर ठेवलेली किटली. अर्ध्या तासात पत्रा तापून खोली उबदार होते आणि बाहेरची उणे तापमानाची रात्र विसरायला होते. याच क्षणी सावध राहा.

आधी नळीचे सांधे बघा. धूर कुठून निसटतोय का? काजळीची रेघ भिंतीवर आहे का? असेल तर दुसरी खोली मागा. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, कितीही थंडी असली तरी. झोपण्यापूर्वी आग विझवून घ्या आणि रबरी पिशवी पांघरुणात घ्या.

इशारा: धुराडं नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका, "पाचच मिनिटं" म्हणूनही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेत माणूस जातो.

या वायूमुळे होणारी डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी अगदी सारखी वाटते. फरक ओळखायचा एक ढोबळ मार्ग आहे: एकाच खोलीतल्या दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि मोकळ्या हवेत गेल्यावर हलकं वाटलं, तर शेगडीवर संशय घ्या. लगेच सगळ्यांना बाहेर काढा, मग बाकीचा विचार.

पहिल्या दिवशी लांब फिरायला जाऊ नका, जेवण हलकं घ्या, पाणी भरपूर प्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून थर्मास समोर ठेवून ठरवून प्या. बुधवारी ध्यानाचे तास कमी ठेवायला मार्गदर्शक फादरांना सांगा.

८. मौन: काय बोलायचंच

दुसऱ्या वर्षी आमच्यातल्या एका ज्येष्ठ फादरांना उलट्या होत होत्या. त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. का, तर मौन मोडायचं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर ते नुसती पेज पुढे ओढत आणि परत सरकवत. शेजारी बसलेल्याच्या ते लक्षात आलं, पण तोही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना आधार देऊन गाडीत बसवलं आणि सिमल्याला उतरवलं. खाली आल्यावर ते सावरले. त्यांची निष्ठा खरी होती, नियम सांगण्यात आम्ही कमी पडलो होतो.

तेव्हापासून मौन सुरू होण्याआधी मी मोठ्याने तीन गोष्टी सांगतो. तब्येतीबद्दल बोलणं म्हणजे मौन मोडणं नव्हे. दर सकाळी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला "डोकं, पोट, झोप" या तीन शब्दांचं उत्तर द्यायचं. आणि डोकेदुखीबरोबर तोल जाणं, बोलणं अडखळणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर त्या माणसाला विचारत बसायचं नाही, खाली न्यायचं. रात्रीत बरं वाटेल म्हणून थांबू नका.

फोन सगळ्यांनी बंद करून एका टोपलीत ठेवावेत. एकच चालू फोन, तो रिट्रीट न करणाऱ्या सेवकाकडे. बदली धर्मगुरूंना आणि घरच्यांना तोच नंबर द्या, आणि कशासाठी फोन करायचा ते स्पष्ट सांगा: मृत्यू, गंभीर आजार, पोलीस किंवा आग. लाऊडस्पीकरच्या परवानगीसाठी नाही. टोपलीत न टाकता "अलार्मसाठी" उशाशी ठेवलेला फोन रात्री अकराला उघडतोच, मी स्वतः उघडलेला आहे. साधं गजराचं घड्याळ न्या.

बर्फावर चालताना हात खिशात नकोत, पावलं लहान आणि सपाट टाका. एकट्याने फिरायचं असेल तर दाराजवळच्या फळ्यावर नाव, वाट आणि परतीची वेळ लिहा. परतल्यावर नाव पुसायला विसरू नका, नाहीतर लोक शोधायला निघतात. बोटं बधिर झाली तर शेगडीवर धरू नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. काखेत धरा.

९. परत आल्यावर

खाली उतरताना घाई होते, कारण सगळ्यांना एकदम बोलायचं असतं. तरी रस्ता तोच आहे, दहा ते चारचा नियम पाळा.

ठाण्याला शुक्रवारी पोचलात की टोपलीतून काढलेला फोन लगेच उघडून दोनशे मेसेज वाचत बसू नका. आधी बदली धर्मगुरूंना भेटा, समोरासमोर. त्यांच्याकडून किल्ल्या आणि इंटेंशनची वही घ्या, तुमच्या गैरहजेरीत झालेल्या लग्नांच्या नोंदी रजिस्टरमध्ये झाल्यात का आणि अधिकाराचं पत्र सोबत लावलंय का ते त्यांच्यासमोरच बघा. मग आजाऱ्यांचा तो आडवा कागद मागा. त्यांनी पेनने त्यात काय बदल केलेत ते वाचा. कुणाची लिफ्ट बंद आहे, कुणाला आता ऐकू येत नाही, कुणाच्या नावावर रेघ आहे.

मोकळा ठेवलेला शनिवार रेघ असलेल्या घरी जाण्यासाठी वापरा.